सूत्रधाराचे पद आणि खेळाडूचा हात

व्हिडिओ गेममध्ये कथा सांगण्याची साधने मुख्यतः दोन. पहिले कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखविलेला चित्रपटसदृश प्रसंग. त्या अवधीत खेळाडू केवळ प्रेक्षक असतो. दुसरे प्रत्यक्ष खेळणे; तेथे पात्राचे चालणे, लढणे, थांबणे खेळाडूच्या हाती असते. या दोहोंचा एकजीव मेळ होऊ शकतो काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मूलतः वाङ्मयीन आहे. पात्राच्या कृत्याचा कर्ता कोण आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावर, हा त्याचा गाभा होय.

मेळ अशक्य मानणाऱ्यांचा आक्षेप दुर्बल नाही. २००७ साली क्लिंट हॉकिंग या गेमरचनाकाराने ‘बायोशॉक’ची चिकित्सा करताना दाखविले की, त्या खेळाचे नियम खेळाडूला स्वार्थ निवडण्याची मुभा देतात, कथा मात्र परक्याच्या साहाय्यास जाण्यावाचून त्याला गत्यंतरच ठेवीत नाही. हाताने केलेले एक आणि कथेने मानलेले दुसरे, अशी ही विसंगती आहे.

तथापि नियत कथा आणि स्वतंत्र कृती यांचे सहजीवन मराठी रंगभूमीला जन्मापासून परिचित आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांपासून प्रेरणा घेऊन विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. यक्षगानात भागवत रचलेली पदे गातो आणि नट त्या अनुरोधाने उत्स्फूर्त संवाद बोलतात. भाव्यांच्या नाटकांतही पदे सूत्रधार गाई, भाषणे मात्र नट आयत्या वेळी रचीत. धनुष्यभंग रामाच्याच हातून होणार, हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असे. तरीही तो कसा होतो हे पाहण्यास गर्दी लोटे. पदाने नटाची वाणी हिरावली नाही. तिला निमित्त दिले. कटसीनच्या यशापयशाची कसोटी हीच होय.

बंगळूरशी निगडित एका कृतीला ही कसोटी लावून पाहता येते. १९९७ साली तेथे स्थापन झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने घेऊन आपल्या बंगळूर शाखेस जोडली. तत्पूर्वी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या निर्मितीत या शाखेचा सहभाग होता. त्यातील आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर कर्जवसुलीसाठी एका रुग्ण ऋणकोला मारहाण करतो आणि त्याच्यापासूनच त्याला क्षय जडतो. वसुलीची कामगिरी कथेने नेमलेली, परंतु ती पार पाडतो खेळाडूच. म्हणून पुढे कटसीनमध्ये रोगाचे निदान होते तेव्हा ती वार्ता परक्याची वाटत नाही. आपल्याच कृत्याचे फळ म्हणून ती ऐकावी लागते. आर्थरचा मृत्यू अटळ आहे. मात्र तो उगवत्या सूर्याकडे पाहत शांतपणे मरतो की वैऱ्याच्या गोळीने, हे खेळाडूने राखलेल्या वा गमावलेल्या सद्वर्तनावर अवलंबून असते. येथे पद नियतीचे, भाषण खेळाडूचे. परंतु याच कृतीत नेमलेल्या कामगिरीच्या वाटेवरून जरा ढळताच अपयशाचा शेरा मिळतो. ज्या खेळाने विस्तीर्ण प्रदेशात मोकळे सोडले, तोच येथे नटाच्या तोंडावर हात ठेवतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’त वेगळी वाट चोखाळली. त्यातील कटसीन छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. शिवाय राजी आपल्या भावाच्या शोधात निघाली असता दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन खेळ न थांबविता चालते. रूपाने हे सूत्रधाराच्या सर्वात निकट. कथा मात्र एकाच मार्गाने जाते; खेळाडूच्या वर्तनाने तिचा स्वर पालटत नाही.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की मेळ शक्य आहे, पण तो बाह्य सफाईने साधत नाही. दृश्य आणि खेळ यांतील सांधा न दिसणे ही कारागिरी झाली. कटसीनने जे अटळ आहे तेवढेच आपल्याकडे घ्यावे, उरलेले हाताला सोडावे आणि हाताने जे केले त्याची जाणीव ठेवूनच पुढचे बोलावे, एवढी अट पाळली तर खेळाडू कथेचा प्रेक्षक न राहता तिचा उत्तरदायी होतो. कागदावरच्या कादंबरीला वाचकावर हे ओझे अशा रीतीने टाकता आलेले नाही. समीक्षेने या नव्या प्रकाराची गंभीर दखल घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.