नौदलात हुकूम कोणाचा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

निलंग्याहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. तरीही पोलीस, आर्मी आणि नेव्ही या भरत्यांची एकदमच तयारी करणारी पोरं आपल्याकडे गावोगाव दिसतात. मात्र नौदलात कोणाची सत्ता कुठवर चालते, याबद्दल पारावर ठासून सांगितलं जाणारं बरंचसं चुकीचं असतं.

गैरसमज : नौदलप्रमुख म्हणतील ती पूर्व.

वस्तुस्थिती : तिन्ही दलांचे सरसेनापती राष्ट्रपती असतात. संरक्षणाची जबाबदारी केंद्रीय मंत्रिमंडळाची, आणि ती पार पाडली जाते संरक्षण मंत्रालयामार्फत. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते, तर चाकूरचे शिवराज पाटील त्याआधी याच खात्यात राज्यमंत्री होते. दोघेही पेशाने वकील. धोरण आणि खर्चाची मंजुरी लोकांनी निवडलेल्या सरकारकडे, तर दल लढाईला सज्ज ठेवणं गणवेशधाऱ्यांकडे, अशी ही वाटणी मुद्दाम केलेली आहे.

गैरसमज : सीडीएस आल्यापासून नौदल त्यांच्या हुकमाखाली गेलं.

वस्तुस्थिती : जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० रोजी पहिले सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. हे पद तिन्ही दलांशी संबंधित बाबींवर संरक्षणमंत्र्यांना सल्ला देण्यासाठी आणि दलांत मेळ घालण्यासाठी आहे. ते निर्माण करतानाच सरकारने स्पष्ट केलं होतं, की तिन्ही प्रमुखांवर सीडीएसची लष्करी हुकमत चालणार नाही.

गैरसमज : प्रत्येक युद्धनौका दिल्लीतून चालवली जाते.

वस्तुस्थिती : दिल्लीतल्या मुख्यालयात नौदलप्रमुखांच्या हाताखाली कामं वाटलेली आहेत. भरती, प्रशिक्षण, बदल्या ही मनुष्यबळाची बाजू एका व्हाइस ॲडमिरलकडे, तर जहाजांची देखभाल आणि सामग्री दुसऱ्याकडे. रोजचा हुकूम मात्र तीन कमांडचा : पश्चिम मुंबईत, पूर्व विशाखापट्टणमला, दक्षिण कोचीला. दक्षिण कमांडकडे मुख्यतः प्रशिक्षण असतं. प्रत्येक कमांडचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल असतो. पश्चिम कमांडखाली लढाऊ ताफा रिअर ॲडमिरल सांभाळतो, आणि महाराष्ट्र नौदल क्षेत्रासाठी वेगळा रिअर ॲडमिरल असतो. जहाजावर मात्र शेवटचा शब्द कमांडिंग ऑफिसरचा.

गैरसमज : माझगाव डॉक नौदलाचाच.

वस्तुस्थिती : माझगाव डॉक ही सरकारी कंपनी संरक्षण उत्पादन विभागाखाली येते. १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी तिनेच बांधली. दुरुस्ती करणारी मुंबईची नौदल गोदी वेगळी, ती पश्चिम कमांडखाली आहे.

गैरसमज : तटरक्षक दल म्हणजे नौदलाची शाखा.

वस्तुस्थिती : तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने उभं राहिलेलं स्वतंत्र दल आहे. त्याचे महासंचालक नौदलप्रमुखांना नव्हे, संरक्षण मंत्रालयाला उत्तरदायी असतात. किनाऱ्यालगत राज्याचे सागरी पोलीस गस्त घालतात. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. म्हणजे दलं तीन राहिली, मेळ घालणारा एक ठरला.

गैरसमज : मर्चंट नेव्हीत लागणं म्हणजे नौदलात लागणं.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू, व्यापारी जहाजांवरची नोकरी. तिचा संरक्षण मंत्रालयाशी संबंध नाही. तिच्यावर देखरेख असते मुंबईच्या डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्राच्या बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग खात्याची. तिथे नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे डीजी शिपिंगचा परवाना लागतो, आणि नोकरीच्या बदल्यात उमेदवाराकडून पैसे घ्यायला त्याला मनाई आहे. नौदलाच्या भरतीत तर एजंटाला जागाच नाही. अर्ज नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच होतो, अधिकारी व्हायचं असेल तर यूपीएससीची एनडीए परीक्षाही असते.

तेव्हा कोणी ‘नेव्हीत लावतो’ म्हणून पैसे मागितले, तर आधी विचारा : कोणती नेव्ही, कोणत्या खात्याची, परवाना कुठाय? उत्तर मिळेपर्यंत शेतीचा तुकडा विकू नका.