आमरीच्या कुंडीत माती का नको?

आमच्या घरी आलेली पहिली आमरी, म्हणजे ऑर्किड, मी हौसेने पोयट्याची माती आणि शेणखत घालून लावली. मुळे कुजून ती मेली. पाण्यावाचून नव्हे, हवेवाचून!

आपल्याकडची ‘सीतेची वेणी’ पाहा. ही आमरी आंब्याच्या किंवा ऐनाच्या सालीला धरून राहते. (ती बांडगूळ नव्हे, झाडाचा रस ती शोषत नाही.) तिच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. वाळले की ते रुपेरी दिसते. भिजले की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. ही मुळे भिजण्याइतकीच वाळण्यालाही सरावलेली असतात. मातीच्या बारीक कणांमधल्या फटी मात्र पाण्याने भरून राहतात, आणि पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो.

म्हणून कुंडीत लोणारी कोळसा, विटा आणि नारळाचे सोडण यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे भरावेत. कोळसा कुजत नाही, पण पाणी बेताचेच धरतो. सोडण पुष्कळ धरते, पण काही वर्षांत कुजते. त्यातले क्षार निघून जाण्यासाठी ते आधी भिजत घालून दोन-तीनदा पाणी बदलावे. कोकणच्या पावसात सोडण कमी, देशावरच्या कोरड्या हवेत जास्त.

हे वर्गात मोजताही येते. कुंडीचे भोक बुचाने बंद करून मिश्रण भरा, काठोकाठ पाणी ओता आणि बूच काढून गळालेले पाणी मोजा. तेवढ्या जागेत आता हवा शिरली. मग तशीच दुसरी कुंडी मातीने भरून पाहा.