मुलांचा मधुमेह : दोष गोडाचा नाही, आईचाही नाही

लहान मुलाला मधुमेह झाला असे कळले की घरीदारी चर्चा सुरू होते. आईने गोड जास्त दिले, कुणाची नजर लागली, मागच्या जन्माचे भोग आहेत. अशा बोलण्याने आईवडील स्वतःलाच दोषी समजू लागतात. काही घरांत तर इन्सुलिन थांबवून अंगारा आणि काढा सुरू होतो. हा आजार नेमका कसा होतो, हे म्हणूनच आपण समजून घेतले पाहिजे.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिनमुळे रक्तातील साखर शरीरातील पेशींना वापरता येते. टाइप १ मधुमेहात या बीटा पेशी नष्ट होतात आणि त्यांना नष्ट करतात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी.

टी पेशी या शरीराच्या पहारेकरी. छातीतील थायमस ग्रंथीत त्यांची पारख होते. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी पेशी तिथेच बाद केल्या जातात. तरी काही निसटतात. त्यांना आवरण्याचे काम नियामक टी पेशी करतात. या पेशींच्या शोधासाठीच २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल देण्यात आले. टाइप १ मध्ये हा आवर कमी पडतो. मग मदतनीस टी पेशी चिथावणी देतात आणि मारक टी पेशी बीटा पेशींना मारतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती लक्षणांच्या कित्येक महिने, कधी काही वर्षे आधी रक्त तपासणीत सापडू शकतात.

काही जनुकांमुळे धोका वाढतो. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. गोड खाल्ल्याने तर तो होत नाहीच.

मेलेल्या बीटा पेशींचे काम काढा करू शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि तो वाचला. त्याआधी या मुलांना वाचवणारे औषधच नव्हते. टी पेशींना आवरणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लक्षणे दिसण्याआधी दिले तर ते आजार सुमारे दोन वर्षे लांबवू शकते. पण आजार झाल्यावर इन्सुलिनला पर्याय नाही.

मूल सारखे पाणी पीत असेल, वारंवार लघवीला जात असेल, पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, झपाट्याने वाळत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासा. बोटाच्या एका थेंबाने ती कळते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला तर थेट रुग्णालय गाठा. आणि चालू इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. शेजारच्या आईला दोष देण्याऐवजी आपण तिला एवढे सांगू शकलो, तर एखादे मूल वाचेल.