आरएक्स-८ स्वस्त का मिळते?

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळताना माझदाची आरएक्स-८ तुमच्या नजरेस पडली असेल. गाडी देखणी, किंमत मात्र संशय यावा इतकी कमी. मोह झाला असेल तर आधी बॉनेट उघडून पाहू.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन (शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या) वरखाली होतो. मिनिटाला ६००० फेरे असतील, तर तो सेकंदाला २०० वेळा थांबून दिशा बदलतो. ही उठाबशी टाळणारं, जर्मनीच्या फेलिक्स वान्केल यांच्या कल्पनेवरचं इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिल्यांदा चाललं. त्यात समोशासारखा फुगीर त्रिकोणी रोटर कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली, त्यामुळे तीन कप्पे होतात आणि फिरता फिरता लहानमोठे होत राहतात. हवा-इंधन घेणं, दाबणं, जाळणं, धूर टाकणं, सगळं त्यातच. झडपा नाहीत. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक, म्हणून ९००० फेऱ्यांनाही थरथर फारशी नाही. याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

मग सगळेच हे का वापरत नाहीत?

मेख त्या टोकांत आहे. पिस्टनला दोन-तीन कड्या असतात. इथे टोकाला एकच पट्टी, तीही रेषेइतकीच टेकते आणि तिचा भिंतीशी कोन सतत बदलतो. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या भिंतीवर जे ओरखडे काढत, त्यांना माझदाचे इंजिनिअर सैतानाची नखं म्हणत! शिवाय सिलिंडरमध्ये एकाच जागी गार हवा आणि आग आळीपाळीने येतात. इथे एक बाजू कायम गार, दुसरी कायम तापलेली. पट्ट्यांसाठी तेल सोडावं लागतं, ते इंधनाबरोबर जळतं.

पण माझ्या मते खरा दोष आकाराचा. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी, ज्योत कोपऱ्यात पोचण्याआधी विझते, भिंती उष्णता खातात. मायलेज कमी, धुरात न जळलेलं इंधन जास्त. पट्ट्या सुधारता येतात, भूमितीचं काय करणार? २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाली. २०२३ च्या एमएक्स-३० मध्ये एका रोटरचं ८३० सीसीचं इंजिन आहे, पण ते फक्त वीज तयार करतं, चाकं मोटर फिरवते.

तरीही घ्यायचीच असेल, तर साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. त्यात तीनपैकी सर्वात चांगल्या कप्प्याचाच दाब दिसतो. तिन्हींचा वेगवेगळा दाब दाखवणारं यंत्र असलेला मेकॅनिक शोधा, आणि तपासणी इंजिन गरम असताना करा. मालक आढेवेढे घेत असेल तर सरळ घरी या.