तोटा कोणाचा? विजेचा हिशेब आणि आपण

दलित चळवळीच्या व्यासपीठावर विजेच्या हिशेबाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. जात, जमीन, अत्याचार, आरक्षण हे आपले विषय. युनिट, दर, गळती हे अभियंत्यांचे आणि हिशेबनिसांचे. मी ही वाटणी मान्य करीत नाही. अर्थशास्त्र शिकविताना मला सारखे जाणवत आले आहे की, ज्या विषयांना 'तांत्रिक' म्हणून आपल्यापासून दूर ठेवले जाते, नेमके त्याच विषयांत आपल्या वाट्याचे निर्णय झालेले असतात. प्रस्तुत लेखात एकच प्रश्न सोडवून पाहावयाचा आहे. एखादा वीजउद्योग 'तोट्यात' आहे किंवा 'सक्षम' आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते कशाच्या मोजमापावर सांगितले जाते आणि त्या मोजमापात आपण कोठे असतो?

या प्रश्नाचा वारसा आपल्याकडे आहे, पण आपण तो फारसा सांगत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात येत. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले ते मुळातून वाचण्यासारखे आहे. वीज सरकारी मालकीची असावी की खाजगी, खाजगी असल्यास लोकहितासाठी कोणत्या अटी घालाव्यात, केंद्राने कोणती जबाबदारी घ्यावी आणि प्रांतांनी कोणती, असे प्रश्न त्यांनी क्रमाने मांडले. त्यांचा आग्रह स्वस्त आणि मुबलक विजेचा होता. त्यामागचा युक्तिवाद १९१८ सालच्या त्यांच्या लहान शेतजमिनींवरील निबंधापर्यंत मागे नेता येतो. शेतीवर जगणारी माणसे शेतीला झेपतील त्याहून अधिक आहेत, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत. उद्योग वाढावयाचे तर वीज पाहिजे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने वीज ही गावच्या उतरंडीतून सुटण्याच्या वाटेवरची पहिली पायरी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार आला आणि पुढे १९४८ साली वीज पुरवठा कायदा होऊन राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. अशा मंडळांनी शक्य तोवर तोट्यात चालू नये, असे मूळ कायद्याचे म्हणणे होते. १९८३ च्या दुरुस्तीने त्याला आकडा जोडला: स्थिर मालमत्तेवर निदान ३ टक्के शिल्लक मंडळाने दाखविली पाहिजे. येथून 'कामगिरी' या शब्दाला एक ठराविक अर्थ आला. शिल्लक दिसली की कामगिरी चांगली. पण शिल्लक दिसते कशी? बिल काढले की ते उत्पन्नात धरले जाते, मग पैसे हाती येवोत वा न येवोत. शासनाने अनुदान देण्याचे कबूल केले की तेही उत्पन्नात धरले जाते, मग ते तिजोरीतून निघो वा न निघो. म्हणून वहीतली शिल्लक आणि पेटीतला पैसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही पहिली खूणगाठ विद्यार्थ्यांनी बांधावी.

दुसरी गोष्ट गळतीची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकार लावण्याची पद्धत रूढ झाली. मीटर नाही म्हटल्यावर पंपाने किती वीज ओढली हे मोजता येत नाही. अंदाज करावा लागतो. आता एक साधे गणित पाहू. समजा मंडळाने १०० युनिट वीज वितरणात सोडली. त्यांपैकी ५५ युनिट मीटरवर मोजली गेली. उरलेली ४५ युनिट गेली कोठे? काही पंपांनी वापरली, काही तारांत आणि रोहित्रांत तापून गेली, काही चोरीला गेली. पंपांनी ३० वापरली असे लिहिले तर गळती १५ दिसते. पंपांनी १५ च वापरली असे लिहिले तर गळती ३० दिसते. वीज तीच, तारा त्याच, अंदाज तेवढा बदलला. परंतु पहिल्या हिशेबात मंडळ कार्यक्षम ठरते, शेतकरी उधळ्या ठरतो आणि शासनाकडे अनुदानाची मागणीही वाढविता येते. दुसऱ्या हिशेबात प्रश्न मंडळाकडे वळतो. ही चोरी कोणाची? बड्या कारखान्याची की झोपडीवरच्या आकड्याची?

हे केवळ कल्पित गणित नाही. वर्षानुवर्षे मंडळाची गळती २० टक्क्यांच्या आत दाखविली जात होती. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग आला, सुनावण्या जाहीर झाल्या, ग्राहक-कार्यकर्त्यांनी आणि पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी पंपांच्या वापराचे अंदाज तपासले. २००० सालच्या पहिल्या दरनिर्णयात गळती ३० टक्क्यांच्या वर असल्याचे मान्य करावे लागले. मंडळाची तार रात्रीतून जुनी झाली नव्हती. फक्त वही उघडी पडली होती. अनुभवाधिष्ठित संशोधनाचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. ते कोणत्या आकड्याला मोजमाप म्हणावे आणि कोणत्या आकड्याला अंदाज, एवढे आधी वेगळे करते.

तिसरे उदाहरण दाभोळचे. १९९२ साली एन्रॉन कंपनीशी समजुतीचा करार झाला. १९९३ साली जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले. तरी त्याच वर्षी मंडळाने वीजखरेदीचा करार केला. १९९५ साली युती सरकारने तो रद्द केला आणि नंतर पुन्हा वाटाघाटी करून मोठ्या क्षमतेचा करार केला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. कराराचा गाभा असा होता की, वीज घ्या अथवा घेऊ नका, ठरावीक आकार द्यावाच लागेल. आणि देण्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. वीज कमी घेतली की प्रत्येक युनिटवर ठरावीक आकाराचा बोजा वाढे. काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबविले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले. कागदावर तिचा नफा त्याआधी कित्येक वर्षे भरभक्कम दिसत होता, हे विसरू नये. ज्या कंपनीच्या कार्यक्षमतेचे पोवाडे गायले गेले तिच्या वह्या खोट्या निघाल्या, आणि ज्या मंडळाला नाकर्ते म्हटले गेले त्याच्यावर तिचा बोजा पडला. जोखीम सार्वजनिक आणि लाभ खाजगी, अशी ही वाटणी होती.

आता आपल्या बाजूने पाहू. मंडळाच्या ताळेबंदात वीज न मिळालेल्या माणसाचा रकाना नसतो. जो ग्राहकच नाही त्याच्याकडून तोटा होत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही. त्याला शोधावयाचे तर जनगणनेकडे जावे लागते. २००१ साली देशातील सुमारे ५६ टक्के कुटुंबांत विजेचा दिवा होता. अनुसूचित जातींत सुमारे ४४ टक्के आणि अनुसूचित जमातींत सुमारे ३६ टक्के. २०११ साली हेच प्रमाण अनुक्रमे ६७, ५९ आणि ५२ टक्क्यांच्या आसपास आले. अंतर कमी झाले, पण मिटले नाही. त्याच काळात गावांच्या विद्युतीकरणाचे आकडे मात्र याहून कितीतरी उजळ होते, कारण गावठाणात खांब रोवला की गाव 'विद्युतीकृत' होई. मी ज्या वस्तीत वाढलो तेथे गावात दिवे लागल्यानंतर कित्येक वर्षांनी तार आली. सरकारदफ्तरी मात्र तेवढी वर्षे आम्ही उजेडात होतो. पुढे २०१७ च्या सौभाग्य योजनेने बहुतेक घरांत जोडणी पोहोचविली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जोडणी म्हणजे पुरवठा नव्हे, आणि दिवा म्हणजे उद्योग नव्हे.

उद्योगाचा प्रश्न याहून कठीण आहे. २००५ च्या आर्थिक गणनेवर आधारलेल्या लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांच्या अभ्यासात असे दिसले की, लोकसंख्येत १६ टक्क्यांहून अधिक असलेल्या अनुसूचित जातींकडे देशातील केवळ ९.८ टक्के उद्योग-व्यवसाय होते, आणि तेही बहुतांशी लहान. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली साखळी येथे तुटते. वीज आली, उद्योग आले, पण मालकी आली नाही. त्यामुळे विजेवरच्या सवलतीही मालकीच्याच वाटेने वाहतात. कारखान्याची सवलत कारखानदाराला, पंपाची सवलत विहीरवाल्याला. २०२४ साली महाराष्ट्राने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या ४४ लाखांहून अधिक पंपांना मोफत वीज जाहीर केली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दुःखाशी माझे वैर नाही. त्याला आधार मिळाला पाहिजे. पण ज्याच्यापाशी जमीनच नाही त्या शेतमजुराच्या घरच्या मीटरला यातून काय मिळाले, हे विचारणे म्हणजे शेतकरीद्रोह नव्हे.

हाच प्रश्न आज सौरऊर्जेच्या रूपाने गायरानात येऊन उभा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. पंपांना दिवसा वीज मिळावी आणि ती स्वस्त पडावी हा तिचा हेतू योग्यच आहे. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात. परंतु योजनेत शासकीय जमिनीही घेतल्या जातात, आणि खेड्यात शासकीय जमीन म्हणजे बहुधा गायरान. १९५९ आणि १९६४-६५ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना गायरानाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची कसणूक नियमित करण्याचे शासनाने ठरविले होते. अनेक ठिकाणी कसणाऱ्याच्या हाती सातबारा आला नाही. आता ज्याचा सातबारा आहे त्याला भाडे, आणि ज्याची तीन पिढ्यांची कसणूक आहे तो 'अतिक्रमणधारक'. सौर विजेचा दर स्वस्त दिसतो त्यात या माणसाच्या गेलेल्या ज्वारीची किंमत धरलेली नसते. जो खर्च हिशेबात घेतला नाही तो खर्च नाहीसा होत नाही. तो कोणीतरी भरतोच.

म्हणून 'आर्थिक शाश्वतता' हा शब्द ऐकला की आपण तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, उत्पन्न खरोखर वसूल होते की केवळ वहीत लिहिले जाते. दुसरी, गळतीचा आकडा मोजलेला आहे की अंदाजलेला. तिसरी, जमीन, पाणी आणि श्रम यांची किंमत कोणी दिली. पहिल्या दोन गोष्टी हिशेबनीस तपासतात. तिसरी आपल्यावाचून कोणी तपासणार नाही.

हे काम आपल्या आवाक्यातले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील पाच विद्यार्थी एका गावातील रोहित्र निवडू शकतात. त्यावर किती पंप, कोणाच्या नावावर, किती अश्वशक्तीचे आणि दिवसाला प्रत्यक्षात किती तास चालतात. वस्तीत किती मीटर, किती जोडण्या तोडलेल्या, आणि किती रुपयांच्या थकबाकीसाठी. गायरानात किती कुटुंबे कसतात आणि त्यांच्यापाशी कोणता कागद आहे, पावती, पंचनामा की काहीच नाही. हे सारे चार सुट्ट्यांत लिहून काढता येते. दरवाढीच्या प्रस्तावावर नियामक आयोगापुढे कोणाही नागरिकाला हरकत नोंदविता येते, सुनावणीत बोलता येते. २००० साली ज्यांनी मंडळाची वही उघडली त्यांच्या हाती सत्ता नव्हती. मागवून घेतलेली कागदपत्रे आणि पुन्हा तपासलेली बेरीज एवढेच त्यांच्यापाशी होते.

मोर्चे आपण काढले आणि काढत राहू. पण मोर्च्यातील निवेदनाखाली गावचा मोजलेला तक्ता जोडलेला असेल, तर ते निवेदन बाजूला सारणे अधिकाऱ्याला जड जाते. आपल्या लोकांचा तोटा कोणत्याच ताळेबंदात नाही. तो आधी आपणच लिहून काढला पाहिजे.