कॅच मोजायचे की बघायचे?

शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच बघणारा कोल्हापूरकर बचावपटूची किंमत आकड्यांवरून ठरवत नाही. बॉल यायच्या आधी गडी जागेवर पोचतो का, हे तो बघतो. आकड्यांतून नेमकं हेच निसटतं.

बेसबॉलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या शॉर्टस्टॉपच्या चुका मोजल्या जात. पण मंद गड्याला बॉल गाठताच येत नाही, मग चूक तरी कशी लागणार? म्हणून किती बॉल गाठले, याचा हिशेब आला. त्यात डोळ्यांचीही फजिती झाली. प्रशिक्षकांच्या मतांवर मिळणारे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवणारा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर नव्या मापांत कच्चा ठरला.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये एकनाथ सोलकर. 27 कसोट्यांत 53 झेल, तेही यष्टिरक्षक नसताना. या आकड्यात बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या फिरकीचाही वाटा आहे. शिवाय 1971 साली ओव्हलवर इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा झेपावून घेतलेला झेल आणि एखादा सोपा झेल, स्कोअरबुकात दोन्ही एकेकच. हेल्मेटशिवाय बॅटीच्या तोंडाशी उभ्या सोलकरला बघून फलंदाज जे फटके गिळत, त्यांना तर रकानाच नाही.