बोटीवरचे जेवण

मध्य प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. भोपाळच्या मुलांचा समुद्र म्हणजे बडा तालाब. परंतु बरखेड्यातील भेलच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या आम्हा काही मराठी मुलांना मे महिना जवळ आला की खऱ्या समुद्राचे वेध लागत. माझे वडील १९६० च्या दशकात कोकणातून येथे, त्या वेळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये नोकरीस आले. आईचे माहेर मालवणचे. वडिलांची रजा मंजूर झाली की पंजाब मेलने मुंबई आणि तेथून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवण, असा आमचा प्रवास ठरलेला असे. त्या बोटीवरील जेवणाची एक आठवण स्मरणिकेच्या वाचकांस सांगावी, असे मनात आहे. तिचा आपल्या व्यवसायाशीही संबंध आहे, पण तो मला फार उशिरा उमगला.

कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. त्यापूर्वी अनेक पिढ्यांना मुंबईशी जोडणारा मार्ग समुद्राचाच होता. आमच्या लहानपणी 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' ही बोटींची नावे घरातल्या माणसांच्या नावांसारखी तोंडी असत. सकाळी मुंबई सोडलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत रात्रभर चाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस पोहोचे. लहान बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. त्यामुळे मे महिन्यातील फेऱ्यांना मुंगीला शिरायला जागा नसे.

मला स्पष्ट आठवतो तो १९७८ सालचा प्रवास. मी दहा वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण चार वर्षांची. धक्क्यावरून फळीवर पाऊल पडताच वडील पुढे धावले आणि त्यांनी डेकवर सतरंजी अंथरून जागा धरली. भोवती ट्रंक, वळकटी आणि पाण्याची फिरकी ठेवून आईने एक छोटे घरच उभे केले आणि त्याच्या मध्यभागी ती बसली. तिच्याजवळ पितळी डबा होता. त्यात दशम्या, लसणीची चटणी आणि कैरीचे लोणचे होते. पदराच्या टोकाला आवळासुपारीची पुरचुंडी होती. बोटीचा प्रवास आईला आवडत असे, पण तिचे मन कधी निर्धास्त नसे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सुमारे सातशे माणसे गेली, ही हकीकत तिने बालपणापासून ऐकलेली होती. बोट सुटताना ती हात जोडत असे.

वरच्या डेकवर रेस्टॉरंट होते. तेथून येणारा तळलेल्या कांद्याचा वास खाली आमच्यापर्यंत येई. संध्याकाळी वडील म्हणाले, "चल, आज आपण वर जेवू." बहीण आईच्या मांडीवर झोपली होती. वडिलांनी आईलाही विचारले. ती म्हणाली, "तुम्ही दोघे जाऊन या. सामानाजवळ कोणीतरी बसायला हवे."

दहा वर्षांच्या मुलाला तो केवढा सोहळा वाटला! टेबलाच्या कडेला ताटे घसरू नयेत म्हणून लाकडी पट्टी ठोकलेली होती. बोट कलली की पेल्यातले पाणी एका बाजूस चढे आणि पुन्हा खाली येई. वडिलांनी माझ्यासाठी ऑम्लेट-पाव आणि स्वतःसाठी राइस प्लेट मागवली. खिडकीबाहेर काळोखात किनाऱ्यावरचा एखादाच दिवा लुकलुकत होता. बरखेड्यात आम्ही हॉटेलात क्वचितच जात असू. त्या संध्याकाळी मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो.

तो मोठेपणा तासाभरातच उतरला. रत्नागिरी मागे पडल्यावर समुद्र खवळला आणि मला बोट लागली. ऑम्लेट-पाव सतरंजीवर आणि आईच्या लुगड्यावर आला. ती रागावली नाही. तिने माझे तोंड धुतले, आवळासुपारी दिली आणि म्हणाली, "बोटीत पोट रिकामे नको, पण तुडुंबही नको." मग मला कठड्याशी उभे करून दूरच्या दिव्याकडे बघायला सांगितले.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयात याचे शास्त्र शिकलो. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलते आहे आणि डोळे सांगतात की समोरची ट्रंक स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ निर्माण होते. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचितच होतो आणि शाळकरी वयात तो सर्वाधिक आढळतो. बहीण शांत झोपली आणि मी हैराण झालो, त्यात नवल नव्हते. हलका आहार, मोकळी हवा आणि दूरवर स्थिर नजर हेच आजही प्रथमोपचार आहेत. आईला हे सारे शास्त्रावाचून ठाऊक होते.

त्या रात्री केव्हातरी मला जाग आली. सगळा डेक झोपला होता. आई आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने डबा उघडल्याचा आणि थोड्या वेळाने झाकण लावल्याचा आवाज मी ऐकला. आई जेवली, असे समजून मी पुन्हा झोपलो. उत्तररात्री मालवण आले. खलाशांनी आम्हाला हातोहात पडावात उतरवले आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर आईने मला दोन दशम्या खायला दिल्या.

पुढे ती बोटसेवा बंद पडली आणि आम्हीही रेल्वेने जाऊ लागलो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही प्रवासी बोट सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा आईला एकदा त्या वाटेने न्यावे असे मनात आले. वडील तेव्हा हयात नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये आई, पत्नी आणि मी निघालो. कान्होजी आंग्रे यांचे स्मरण देणाऱ्या नावाची ही बोट मूळची जपानी. टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाणाऱ्या प्रवाशांना तिने अनेक वर्षे ने-आण केलेली. आता तिच्यावर वातानुकूलित खोल्या होत्या, पोहण्याचा तलाव होता आणि मोठ्या खिडक्यांचे रेस्टॉरंट होते. शहात्तर वर्षांची आई हे सारे कौतुकाने पाहत होती.

रात्री जेवणाची वेळ झाली. आई पलंगावर बसून राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघे जाऊन या. मी सामानापाशी थांबते."

मी हसून म्हणालो, "आई, खोलीला कुलूप आहे."

"असेल रे. पण बोट आहे ही. कोणीतरी थांबायला हवे."

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचे वाक्य जसेच्या तसे कानी पडले आणि माझे हसू मावळले. पत्नी म्हणाली, "आई, तुम्ही आला नाहीत तर आम्हीही जेवणार नाही." तेव्हा कुठे ती उठली. टेबलाशी बसताच तिने सवयीने वाढायला चमचा उचलला. पत्नीने तो हळूच काढून घेतला आणि तिला आधी वाढले. गरम भात, वरण आणि सुरमईचे कालवण होते. आई सावकाश जेवली. मग तिने विचारले, "तेव्हा वर असेच होते का रे?"

"इतके मोठे नव्हते. पण टेबले होती, खिडक्या होत्या."

"छान मिळते म्हणून हे सांगत होते खरे."

तेव्हा मी १९७८ साली विचारायचा प्रश्न विचारला, "त्या रात्री तू काय खाल्लेस?"

ती म्हणाली, "तुझे पोट रिकामे झाले होते. दोनच दशम्या उरल्या होत्या. सकाळी तुला लागतील म्हणून मोजून परत ठेवल्या."

त्या दोन दशम्या मी मालवणच्या किनाऱ्यावर खाल्ल्या होत्या.

भोपाळला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात एक तरुण आई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळाचे वजन, दूध, वरचा आहार अशी सर्व विचारपूस झाली. मग मी विचारले, "और आपने आज क्या खाया?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "अभी कहाँ, डॉक्टर साहब. घर जाकर खा लूँगी." दुपारचे दोन वाजले होते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आपण बाळाचे वजन ग्रॅममध्ये नोंदवतो. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या मातेला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, हे आपण परीक्षेत लिहिलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. लोहाची कमतरता, जंत, लागोपाठची बाळंतपणे, गरिबी ही सारी आपण जाणतो. परंतु सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत सुखवस्तू घरांतही आहे आणि ती कोणत्याही रक्ततपासणीच्या अहवालात लिहून येत नाही. ती विचारावी लागते. मी स्वतः मातेच्या हातचे खाऊन डॉक्टर झालो आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत तिलाच ते विचारले नव्हते, याची खंत येथे मोकळेपणाने नोंदवतो.

'आंग्रिया'ची सेवा २०२० च्या टाळेबंदीत थांबली. माझ्या केसपेपरवर मात तेव्हापासून 'आई जेवली का?' ही एक ओळ वाढली आहे. मंडळातील सहकारी मित्रांनीही ती लिहून पाहावी, अशी विनंती आहे. तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. प्रवासात ती अजूनही सामानाजवळच बसते, त्याबाबत ती कोणाचे ऐकत नाही. आम्ही आमची ताटे तेथेच नेतो आणि सगळे तिच्याभोवती बसून जेवतो.